गुरांच्या डॉक्टरचं नोबेल आणि आपला पावसाळी फ्लू

कुळागर
नमस्कार मंडळी. चवथ जवळ आली आणि आमच्या वाड्यावर परत घरटी एक तरी माणूस खोकतोय. दरवर्षी यावर जो वाद होतो तो एकाच वाक्यावर येऊन अडतो, "लस घेतली तरी झालाच की". त्या वाक्याला नीट उत्तर देणारं काम ज्या माणसानं केलं त्याच्याबद्दल सध्या वाचतोय म्हणून हा धागा.

पीटर डोहर्टी. ऑस्ट्रेलियाचे, जन्म १९४० चा, ब्रिस्बेनचे. शिक्षणानं गुरांचे डॉक्टर! व्हेटर्नरी डिग्रीवाल्याला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं असं हे पहिलंच उदाहरण, १९९६ सालचं, रॉल्फ झिंकरनागेल या स्विस डॉक्टरबरोबर विभागून.

शोध लागला कॅनबेराला, १९७३-७४ च्या सुमारास. झिंकरनागेल तिथं नवीन आले होते आणि त्यांना बसायला जागा डोहर्टींच्या लॅबमध्ये मिळाली, म्हणून दोघं एकत्र. उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक व्हायरस घेऊन ते बघत होते की मारेकरी टी पेशी, म्हणजे व्हायरस शिरलेल्या पेशींना ठार करणाऱ्या आपल्याच पेशी, नक्की काय बघून हल्ला करतात. आता कोणालाही वाटेल की व्हायरस दिसला की मारणार, त्यात काय एवढं. पण एका जातीच्या उंदराच्या टी पेशी दुसऱ्या जातीच्या उंदराच्या पेशींसमोर ठेवल्या, आत व्हायरस तोच, तरी त्या ढिम्म. स्वतःच्या जातीच्या पेशीत तोच व्हायरस असला की मात्र लगेच तुटून पडल्या. म्हंजे टी पेशीला व्हायरसचा तुकडा आपल्या घरच्या ताटात वाढलेला दिसला तरच कळतो, परक्या ताटातलं ती ओळखतच नाही. हे ताट म्हणजे माणसांमध्ये एचएलए नावाची प्रथिनं, किडनी बदलताना ज्यांची जुळणी करतात तीच. तोवर ही प्रथिनं माहीत होती ती मुख्यतः दुसऱ्याचा अवयव शरीर नाकारतं त्या संदर्भात, पण निसर्गानं काय ऑपरेशन करणाऱ्यांना त्रास द्यायला ती ठेवली नव्हती, त्यांचं खरं काम हे.

नंतर १९८८ पासून अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलात आणि पुढे मेलबर्नला डोहर्टींनी याच पेशी फ्लूच्या बाबतीत तपासल्या. फ्लूच्या अंगावर बाहेरून जे हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं त्यावर अँटिबॉडी चिकटतात आणि तेच दरवर्षी रूप बदलतं, म्हणून लस दरवर्षी नवी. पण व्हायरसच्या पोटातली प्रथिनं एवढी बदलू शकत नाहीत, बदलली तर व्हायरसचंच काम थांबेल. टी पेशी बघतात त्या प्रामुख्यानं या आतल्या तुकड्यांकडे. त्यामुळे जुन्या फ्लूवर तयार झालेल्या टी पेशी नव्या फ्लूलाही ओळखू शकतात. फक्त एक आहे, पेशीत व्हायरस शिरल्याशिवाय त्यांना काही दिसत नाही, म्हणजे त्या लागण थांबवू शकत नाहीत, लागण झाल्यावर ती आटपतात. ताप येणार, अंग दुखणार, पण फुप्फुस वाचणार. म्हणून "झालाच की" या मोजपट्टीनं आपण भलतंच मोजतोय असं माझं मत झालंय.

शंका विचारा, जमेल तेवढं सांगेन. पेशानं मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही.

खाजें_लाडू
वा वा, बरें केलें धागो काडलो! वाचनखूण साठवली. एक प्रश्न कुळागरबाब, मग लसीनं या टी पेशी तयार होतात की नाही? की नुसत्या अँटिबॉडी?

बांबोळी_इंटर्न
खाजें, मी सांगते. आपल्याकडे दंडात जी फ्लूची लस टोचतात त्यात मेलेला व्हायरस किंवा त्याचे तुकडे असतात, त्यानं अँटिबॉडी चांगल्या बनतात पण मारेकरी टी पेशी फारशा बनत नाहीत, कारण त्यांना जागं करायला प्रथिन पेशीच्या आत तयार झालेलं लागतं. नाकात फवारायची जिवंत पण दुबळी केलेली लस असते ती या बाबतीत जास्त बरी, विशेषतः मुलांमध्ये. स्वाईन फ्लूच्या वेळी आपल्या पुण्याच्या सीरमनं २०१० साली अशीच नाकातली लस काढली होती, नाव नॅसोव्हॅक. कोविडच्या एमआरएनए आणि कोव्हिशील्डसारख्या लसी पेशीला आत प्रथिन बनवायला लावतात म्हणून त्यांनीही टी पेशी होतात. ओमिक्रॉन आला तेव्हा अँटिबॉडी बऱ्याच हुकल्या आणि लागण सगळ्यांना झाली, पण टी पेशींची ओळख बऱ्यापैकी टिकून होती.

आणि कुळागर सर म्हणताहेत ते फक्त उंदरांवरचं नाही हां. १९८३ साली इंग्लंडमध्ये अँड्र्यू मॅकमायकल यांनी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम फ्लू सोडून बघितला होता, ज्यांच्या टी पेशी जोरात होत्या त्यांच्या शरीरातून व्हायरस लवकर गेला, अगदी त्या फ्लूच्या अँटिबॉडी नसल्या तरी. मग २००९ च्या साथीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजात अजित लालवाणी यांच्या टीमनं तिथल्याच ३४२ कर्मचारी-विद्यार्थ्यांचं रक्त आधी घेऊन ठेवलं आणि नंतर कोणाला किती त्रास होतो ते बघितलं. व्हायरसच्या आतल्या भागांना ओळखणाऱ्या टी पेशी ज्यांच्यात जास्त त्यांना त्रास कमी. नवीन व्हायरस, तरुणांपैकी बहुतेकांकडे त्याच्या अँटिबॉडी नाहीत, त्यामुळे असं बघायची संधी परत परत येत नाही.

स्पष्टवक्ता
म्हणजे तुम्हीच सांगताय की लसीनं टी पेशी होत नाहीत आणि खऱ्या फ्लूनं होतात. मग सरळ फ्लू होऊ द्या की. आमच्या लहानपणी कोण टोचत होतं? पेज, लोणचं, आल्याचा काढा, दोन दिवस गोधडीत, तिसऱ्या दिवशी शाळेत. कंपन्यांचा धंदा सगळा.

बांबोळी_इंटर्न
काका, पेजेला कोणाचा विरोध नाही, मी पण आटवल खाऊनच बरी होते. पण "होऊ द्या" म्हणताना किंमत कोण मोजतंय ते बघा. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये टेस्टनं पक्का झालेल्या फ्लूनंतरचे हार्ट अटॅक मोजले होते, पहिल्या ७ दिवसांत त्याच माणसांना अटॅक यायचं प्रमाण त्यांच्या इतर काळापेक्षा ६ पट निघालं, २०१८ साली आलंय ते संशोधन. शुगर, दमा, सत्तरीच्या पुढचं वय, पोटुशी बाई, यांना "तिसऱ्या दिवशी शाळेत" लागू होत नाही. वॉर्डात पावसाळ्याची एक नाईट काढा म्हणजे कळेल. अँटिबॉडी दारातच अडवतात आणि टी पेशी आत शिरल्यावर बघतात, दोन्ही पाहिजेत, एक आहे म्हणून दुसरं नको असं कुठे असतं का..

कुळागर
स्पष्टवक्ता, तुमच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे ती अशी की एकदा फ्लू होऊन गेला की फुप्फुसातच ठाण मांडून बसणाऱ्या टी पेशी तयार होतात आणि त्या रक्तात फिरणाऱ्यांपेक्षा लवकर कामाला लागतात. पण त्या फुप्फुसात जास्त टिकत नाहीत, उंदरांत तर काही महिन्यांतच ओसरतात. म्हणजे "एकदा होऊ द्या" करून आयुष्यभराची सोय होत नाही.

उलट बाजूनं २०१३ चं चीनचं बघा. एच७एन९ हा कोंबड्यांचा फ्लू माणसांत आला, हॉस्पिटलात गेलेल्यांपैकी बरेच दगावले. शांघायच्या डॉक्टरांनी रक्ताचे नमुने साठवले आणि मेलबर्नच्या कॅथरिन केदझिएर्स्का, डोहर्टी वगैरे मंडळींबरोबर तपासले. जे दोन-तीन आठवड्यांत घरी गेले त्यांच्यात मारेकरी टी पेशी लवकर आणि भरपूर उठल्या होत्या, जे रेंगाळले त्यांच्यात उशिरा, आणि जे दगावले त्यांच्यात जवळपास नाहीच. सगळ्यांना व्हायरस तोच! मला हे वाचून बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही, कारण आपण साथ म्हटली की कायम व्हायरस किती भयंकर यावर बोलतो, माणसाच्या आत आधीपासून काय साठलंय यावर कोणी बोलत नाही.

सत्तरीकर
धागा उशिरा बघितला. मी गुरांच्या दवाखान्यात आयुष्य घालवलेला माणूस त्यामुळे डोहर्टी आमचाच, कॉलर ताठ करून लिहितो. कुळागरबाबनी एक गोष्ट सोडली ती आपल्या भागाच्या जवळची आहे. कॅनबेराच्या आधी डोहर्टी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला होते आणि १९७० ची त्यांची पीएचडी मेंढ्यांच्या मेंदूच्या आजारावर आहे, लूपिंग इल म्हणतात त्याला, गोचिडीनं पसरतो, मेंढी लटपटत उड्या मारत चालते. आता त्या व्हायरसचा भाऊबंद कोण? आपला माकडताप! १९५७ मध्ये शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात सापडलेला, तोही गोचिडीचाच, त्याच कुळातला, आणि २०१५ पासून गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात लोकांना धडकी भरवणारा. बोंडू वेचायला रानात गेलेली माणसं तापानं आडवी व्हायची आणि आधी सगळे डेंग्यू समजायचे.

म्हणून मला वाटतं की हा माणूस पुढे टी पेशींपर्यंत पोचला तो मेंढ्यांच्या मेंदूतली सूज बघून बघून. कॅनबेरात उंदरांच्या मेंदूभोवतीचं पाणी काढून त्यातल्या पेशी तपासायचं कसब त्याच्याकडे होतं ते कुठून आलं असेल? माणसांच्या डॉक्टरांना हे सुचलं नसतं असं म्हणत नाही, पण आम्हा लोकांना कळपाची सवय असते, एकाच गोठ्यात तोच रोग एका गायीला लोळवतो आणि शेजारची रवंथ करत उभी असते, हे रोजचं असतं.

खाजें_लाडू
सत्तरीकरबाब दंडवत. माकडतापाचं हे कनेक्शन कुठेच वाचलं नव्हतं.

अवांतर: याच डोहर्टींनी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ट्विटरवर चुकून तिथल्या दारूच्या दुकानांच्या एका साखळीच्या उघडण्याच्या वेळा टाकल्या होत्या, गूगलमध्ये शोधायचं ते ट्विटमध्ये टाईप केलं. नोबेलवाला माणूस, वय ऐंशीच्या घरात, आणि ऑस्ट्रेलियाभर हशा. गोंयकार म्हणून मला या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

निवांत_मांद्रे
हाहाहा खाजें.. आमच्याकडे वेळ शोधायची गरजच पडत नाही.

उषाताई_मडगाव
चांगली चर्चा चाललीय. एक विचारते. २००९ ला स्वाईन फ्लू आला तेव्हा आमच्याकडे कॉलेजची पोरं धडाधड पडली आणि माझ्या सासूबाई, तेव्हा सत्तरीच्या पुढे, त्याच घरात सगळ्यांची उस्तवार करून ठणठणीत. आम्ही म्हणायचो जुनी हाडं. पण शेजारीपाजारीही असंच दिसलं होतं. याला काही कारण आहे का टी पेशींचं वगैरे?

कुळागर
उषाताई, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. यात अँटिबॉडींचा वाटा मोठा आहे. २००९ चा एच१एन१ हा १९१८ च्या साथीच्या व्हायरसचा लांबचा वंशज, डुकरांमध्ये राहून परत आलेला. तुमच्या सासूबाईंच्या लहानपणी १९१८ वाल्याचीच पिल्लं माणसांत फिरत होती, १९५७ ला एच२एन२ आला आणि ती बाजूला पडली. म्हणजे त्यांना लहानपणीची ओळख होती, कॉलेजच्या पोरांना नव्हती. १९७७ ला जुना एच१एन१ अचानक परतला तेव्हाही मुख्यतः पंचविशीच्या आतलेच आजारी पडले, कारण तेच.

याच्या पुढची मजा २०१६ च्या एका संशोधनात आहे. लहानपणी पहिला फ्लू कोणता झाला याचा ठसा जन्मभर राहतो असं त्यात दिसलं. १९६८ च्या आधी जन्मलेल्यांचा पहिला फ्लू एच१ किंवा एच२, त्यांना कोंबड्यांच्या एच५एन१ पासून बऱ्यापैकी संरक्षण. १९६८ ला एच३एन२ आला, त्यानंतरच्यांना एच७एन९ पासून. तुमचं जन्मसाल बघून कोणता फ्लू जड जाईल याचा अंदाज! आता मला सांगा, पत्रिका घेऊन बसणाऱ्यांना आणखी काय पाहिजे.

या ठशाबद्दल पहिल्यांदा बोलले ते अमेरिकेचे थॉमस फ्रान्सिस, १९६० साली, पण ते त्याला दोष म्हणत होते, म्हणजे शरीर जुन्याच फ्लूच्या अँटिबॉडी काढत बसतं आणि नव्याकडे दुर्लक्ष करतं. दोन्ही खरं आहे. ओळख कामाला पण येते आणि आंधळं पण करते.

मांडवीकाठ
कोंबड्यांचा विषय निघालाच आहे तर, फ्लूचं मूळ घर रानबदकं. करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात जी पाहुणी बदकं उतरतात ना त्याच गोत्रातली, त्यांच्या पोटात फ्लू ए चे बहुतेक सगळे प्रकार सुखानं नांदतात आणि बदकाला सहसा काही होत नाही. लगेच तळ्यावर जायला घाबरू नका हां, लांबून दुर्बिणीनं बघायला काही धोका नाही, फक्त मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. सेंट ज्यूडला डोहर्टींच्या सोबत रॉबर्ट वेबस्टर म्हणून होते त्यांनी हे पक्ष्यांचं काम केलं.

स्पष्टवक्ता
बरं, फ्लूचं कळलं. पण मला वर्षात चार वेळा सर्दी होते, त्याला कुठली लस आहे? आणि एवढ्या टी पेशी असतात तर परत परत का होते?

बांबोळी_इंटर्न
काका कारण ती दर वेळी फ्लू नसतेच. सर्दीचे व्हायरस शेकड्यांनी आहेत, एकट्या रायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार. शिवाय साधे कोरोना, आरएसव्ही, ॲडिनो. इंग्लंडमध्ये सॅलिसबरीला १९४६ ते १९९० सर्दीसाठी खास केंद्र होतं, लोक तिथं हौसेनं जाऊन नाकात व्हायरस घालून घ्यायचे, राहणं-खाणं फुकट. तिथं साध्या कोरोनाची लागण झालेल्यांना वर्षभरानं परत तोच दिला, बऱ्याच जणांच्या नाकात व्हायरस परत वाढला पण सर्दी एकालाही झाली नाही. म्हणजे परत लागण होणं आणि परत आजारी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी, कुळागर सर पहिल्यापासून हेच म्हणताहेत.

आणखी एक. एका व्हायरसमुळे दुसऱ्याची वाट अडते. २००९ ला फ्रान्स आणि स्वीडनमध्ये रायनोव्हायरसच्या सर्दीचा हंगाम जोरात होता आणि स्वाईन फ्लू तिथं थोडा थांबून आला असं दिसलं, मग २०२० मध्ये येल विद्यापीठात एलेन फॉक्समन यांनी श्वासनलिकेच्या पेशींवर करून बघितलं, आधी रायनो देऊन मग फ्लू दिला तर फ्लू नीट वाढेना. कारण इंटरफेरॉन, पेशी जो पहिला आरडाओरडा करतात तो. त्यामुळे तुमच्या चार सर्द्यांपैकी एखादीनं फ्लू चुकवला पण असेल, तिला दुवा द्या.

आरएसव्ही मात्र हलक्यात घेऊ नका, लहान बाळांना आणि म्हाताऱ्यांना तो छातीत उतरतो. त्याची लस १९६० च्या दशकात करून बघितली होती, फॉर्मॅलिननं मारलेला व्हायरस, आणि लस घेतलेल्या बाळांना नंतर खरा आरएसव्ही झाला तेव्हा आजार उलटा वाढला, दोन मुलं गेली. त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षं कोणी नीट हात घालेना. २०१३ मध्ये त्याच्या प्रथिनाचा पेशीत घुसण्याआधीचा आकार कळला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी लसी मंजूर झाल्या. कंपन्यांचा धंदा आहेच काका, पण तो इतकी वर्षं का थांबला होता ते पण बघा ना.

स्पष्टवक्ता
दोन मुलं गेली हे लोकांना आधी सांगत जा, मग आमच्यासारखे पण ऐकतील. लपवलं की संशय येतो. बाकी सर्दीला दुवा द्यायचं काम मला जमणार नाही.

निवांत_मांद्रे
मला ते ताटाचं परत सांगा, प्रत्येकाचं एचएलए वेगळं म्हणजे मग एकाच घरात एकाला टी पेशी मिळतात आणि दुसऱ्याला नाही असं होऊ शकतं?

कुळागर
टी पेशी सगळ्यांकडे असतात, पण कोणता तुकडा समोर मांडला जातो ते माणसागणिक बदलतं. काहींच्या एचएलएवर फ्लूचा न बदलणारा तुकडा छान मांडला जातो, काहींच्यावर नाही. केदझिएर्स्कांनी ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमध्ये हे तपासलं, २००९ च्या साथीत त्या समाजाला जास्त फटका बसला होता, आणि त्यांच्यात सर्रास असणाऱ्या काही एचएलए प्रकारांचा संबंध गंभीर आजाराशी लागतो असं दिसतं. यात गरिबी, घरातली दाटी, दवाखान्याचं अंतर हे सगळं आहेच, नुसतं जनुकांवर ढकलून मोकळं होऊ नये. एचएलए अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून, त्यामुळे सख्ख्या भावंडांचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक.

२०१९ मध्ये त्यांच्याच गटानं माणसांत अशा मारेकरी टी पेशी दाखवल्या ज्या फ्लू ए, बी आणि सी तिन्ही ओळखतात. ए आणि बी वेगळे होऊन किती काळ लोटलाय, तरी एक छोटा तुकडा तसाच राहिला. तो वापरून सगळ्या फ्लूवर चालणारी एकच लस करता येईल का यावर काम चाललंय. पण तो तुकडाही ठरावीक एचएलएवरच मांडला जातो, म्हणून एकाच तुकड्याची लस जगभर पुरणार नाही, बरेच तुकडे एकत्र करावे लागतील. ही लस अमुक साली येणार म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं त्यावर जाऊ नका.

फार्मसी_म्हापसा
मोठ्या लोकांची चर्चा झाली, आता दुकानातलं सांगतो. आमच्याकडे लस मागायला लोक येतात चवथीच्या आठवड्यात, मुंबईहून पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी. अँटिबॉडी बनायला दोन आठवडे लागतात हो! गोव्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात, त्यामुळे घ्यायची ती एप्रिल-मे मध्ये. लसीत कोणते प्रकार घालायचे ते डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाचे आणि सप्टेंबरात दक्षिणेचे. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्याच्या आधी घ्यायची तर दक्षिणेची ताजी असते, खोक्यावर लिहिलेलं असतं, बघून घ्या. आणि चारऐवजी तीन प्रकारांची दिली म्हणून भांडू नका, बी मधला यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठे पक्का सापडलेला नाही म्हणून डब्ल्यूएचओनंच तो काढायला सांगितलाय.

लस २ ते ८ डिग्रीत ठेवायची असते आणि आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून दुकानदाराला बॅकअप आहे का विचारायला लाजू नका. मी तरी राग मानत नाही.

दुसरं, ताप आला की थेट येऊन अझिथ्रो मागतात. ते बॅक्टेरियाचं औषध, फ्लूला त्याचा काडीचा उपयोग नाही. फ्लूचं औषध ओसेल्टामिव्हिर, ते डॉक्टरनं लिहून दिलं तरच, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग. पाचव्या दिवशी धावत येऊन तेवढा फायदा होत नाही. दम लागला, ओठ निळसर दिसले, म्हातारं माणूस बरळायला लागलं तर दुकानात येऊच नका, सरळ हॉस्पिटल.

उषाताई_मडगाव
देव बरें करूं सगळ्यांना. सासूबाई आता नाहीत, पण आमचे हे पासष्ट झाले आणि शुगर आहे. या वर्षीची राहून गेली, आता ऑगस्टात घेऊन काही अर्थ आहे का? घरात आरतीला चाळीस माणसं, घुमटवादन, फुगड्या, दारं-खिडक्या पावसामुळे बंद.

फार्मसी_म्हापसा
आहे ताई, फ्लू ऑक्टोबरपर्यंत फिरत असतो. शुगरवाल्यानं उशिरा का होईना घ्यावी, त्यांच्या डॉक्टरना विचारून उद्याच घ्या. चवथीपर्यंत दोन आठवडे मिळतात का बघा.

बांबोळी_इंटर्न
आणि ताई, आरतीच्या वेळी एक खिडकी उघडी ठेवा. जो खोकतोय त्याला घुमट देऊ नका, कितीही चांगला वाजवत असला तरी.

खाजें_लाडू
आमच्याकडे तोच एक वाजवणारा आहे :(